न घातलेलं पाणी

माझ्या गच्चीवर एक विषारी झाड होतं आणि ते मी मुद्दाम वाढवलेलं होतं. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत वगैरे बोलत नाही, कारण लोक आधी आपल्या ताटाकडे बघतात आणि मग माझ्या सासऱ्यांकडे.

झाडाचं नाव अडेनियम. रोपवाटिकेवाले त्याला वाळवंटातला गुलाब म्हणून विकतात. गुलाबाशी त्याचा काही संबंध नाही. खाली मडक्यासारखा फुगलेला कंद, वर जाड आखूड फांद्या, फांद्यांच्या टोकाला पानांचे झुपके आणि उन्हाळ्यात गडद गुलाबी फुलं. पाणी ते कंदात साठवून ठेवतं, त्यामुळे त्याला कुणाची फारशी गरज लागत नाही. कुठेही कापलं की पांढुरका पातळ चीक येतो आणि तो चीक वाईट. पोटात गेला तर हृदयावर परिणाम करतो, डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. आफ्रिकेत म्हणे तो बाणाच्या टोकाला लावत. माझ्या नवऱ्याने हे मोबाइलवर वाचलं त्या संध्याकाळी झाड फेकून द्यायचा विषय निघाला. मी म्हटलं, आपल्याकडे बाण नाहीत. विषय तिथेच संपला.

माझं माहेर धुळे जिल्ह्यात, शिरपूरपासून एसटीने अर्ध्या तासावर. जमीन कोरडवाहू. जे पीक पाणी मागत नाही ते चांगलं आणि जे मागतं ते लाडावलेलं, अशी आमच्याकडची साधी विभागणी. माणसांनाही तीच लागू. शेताला शेराचं कुंपण होतं. शेराला पानं अशी दिसतच नाहीत, नुसत्या हिरव्या कांड्या. मोडली की दुधासारखा चीक टपटप गळतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो बांधावर लावतात आणि मग विसरून जातात. माय आम्हाला एवढंच सांगायची, "शेरना चीक डोयामां गया ते डोया गया." बाकी शेराविषयी कुणी काही बोलायचं नाही. त्याला कुणी पाणी घातल्याचं मी जन्मात पाहिलेलं नाही. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला.

लग्न होऊन मी जळगावात आले. सासर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. हे लग्न कसं जमलं ते विचारू नका, दोन्हीकडच्या लोकांना ते अजून नीट कळलेलं नाही. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा, पुढे पाठवायचा. या कामात माणसाला दोन सवयी लागतात. सूचना मुद्देसूद लिहायच्या, आणि जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही असं समजायचं.

अडेनियमची शेंग मला याच कार्यालयात मिळाली. अमळनेरहून रोज रेल्वेने येणाऱ्या एका सहकारी बाईंनी ती डब्याच्या पिशवीतून आणली होती. शेंगा जोडीने येतात, बैलाच्या शिंगांसारख्या, आणि आत बारीक काड्यांसारख्या बिया असतात, दोन्ही टोकांना रेशमी तुरे लावलेल्या. मी पंधरा बिया पेरल्या. अकरा उगवल्या, सात वाटल्या, तीन मेल्या, एक राहिलं. ते नऊ वर्षं राहिलं.

नऊ वर्षं मी त्याचं जे काही केलं ते सांगायला बसले तर लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. दरवर्षी थंडी सरली की ते कुंडीतून उपसायचं. मुळं धुवायची, खालची बारीक मुळं कापायची आणि चार-सहा दिवस तसंच उघडं सावलीत ठेवायचं, म्हणजे कापलेल्या जागा वाळतात. मग जाड वाळू, विटांचे तुकडे आणि मूठभर शेणखत अशा मातीत परत लावायचं, पण आधीपेक्षा बोटभर वर. असं दरवर्षी बोटभर वर उचलत गेलं की कंद मातीच्या बाहेर येतो आणि बघण्यासारखा होतो. हे करताना भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि अंगावर फेकून द्यायच्या लायकीची ओढणी. कात्री शेवटी साबणाने धुवायची. मे महिन्यात जळगावची माणसं दारं-खिडक्या लावून बसतात, तेव्हा हे झाड गच्चीवर भर उन्हात फुलायचं. मला त्याचा फार अभिमान होता. माणसाने असंच असावं असं मला वाटायचं, आणि मी तसा प्रयत्नही करत असे. घरच्यांना त्याचा त्रास झाला.

दिवाळीनंतर मात्र त्याचं पाणी बंद. पानं पिवळी पडून गळतात, नुसती खुंटं उरतात. झाड मेलेलं दिसतं. हिवाळ्यात ते तसं दिसलं म्हणजे ठीक आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आबा, म्हणजे माझे सासरे, गावी केळीच्या बागेत चक्कर येऊन पडले. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आबा एकटेच राहत. सकाळी पडले ते दुपारी पाणी बघायला आलेल्या पुतण्याला दिसले. मधला सगळा वेळ ते ओल्या जमिनीवर आकाशाकडे बघत पडून होते. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि यापुढे एकटं राहायचं नाही असं बजावलं. बाग पुतण्याकडे दिली, घराला कुलूप लावलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आबांना आम्ही जळगावात आणलं. ते एक ट्रंक घेऊन आले. ट्रंकेत कपडे कमी आणि ठिबकच्या नळ्या जास्त होत्या.

आबांचं आणि माझं भांडण कधी नव्हतं. भांडायला आधी बोलणं लागतं. ते सकाळी पेपर वाचायचे, दुपारी ओसरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघायचे, संध्याकाळी नवऱ्याला विचारायचे की गावाकडे वीज होती का. नवरा भुसावळकडे नोकरीला, त्याला गावची वीज कशी माहीत असणार? तो म्हणायचा, बघतो. माझा नवरा सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर देतो.

एकदा आबा जिना चढून गच्चीवर आले. आमचं घर बैठं आहे आणि गच्चीचा जिना घरातूनच जातो. मी मोगऱ्याला पाणी घालत होते. ते अडेनियमसमोर उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे वायलं का काय व?"

"नाही आबा. वाळलं नाही, झोपलंय ते."

"झाड झोपते?"

"हे झोपतं."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पोरगी धुळ्याकडची आहे, असायचंच. मग खाली गेले.

डिसेंबरात मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ती आता धुळ्यात माझ्या भावाकडे असते, आणि भाऊ दिवसभर दुकानात. डोळ्यात थेंब घालायला कुणीतरी हवं म्हणून मी तीन आठवड्यांची रजा टाकली. जाण्यापूर्वी मी गच्चीच्या दाराला एक कागद चिकटवला. गच्चीवर आता आबा जातात आणि झाड विषारी आहे, तेव्हा जबाबदारी माझी. कागदावर पाच मुद्दे होते. झाडाला हात लावू नये. चुकून लागल्यास साबणाने धुवावा. तो हात डोळ्यांना लावू नये. फांदी मोडल्यास चीक जुन्या फडक्याने पुसून फडकं फेकून द्यावं. घरी लहान मुलं आल्यास दार बंद ठेवावं. खाली सही-शिक्का तेवढा राहिला.

पाण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मला ते सुचलंच नाही. झोपलेल्या झाडाला पाणी घालायचं नसतं, हे सांगावं लागतं हेच मला माहीत नव्हतं.

धुळ्यात मी दिवसातून चार वेळा मायच्या डोळ्यात थेंब घालत होते आणि उरलेल्या वेळात तिच्याकडून बोलणी खात होते. रोज संध्याकाळी घरी फोन करून मी झाडाची चौकशी करायची. काळा चष्मा लावून पलंगावर बसलेली माय म्हणायची, "आठे ईसन बी तुन्हं बठ्ठं ध्यान झाडमां शे." इथे येऊनही माझं सगळं लक्ष झाडात, ही तिची तक्रार. मी म्हणायचे, तुझ्या डोळ्याकडे बघायला माणसं आहेत, झाडाला कुणी नाही. फोनवर नवरा सांगायचा की सगळं ठीक आहे, आबा तर एकदम खूश, दिवसभर गच्चीवर असतात. मला बरं वाटलं. म्हातारा माणूस रमला, आणखी काय पाहिजे? तसं मी मायला म्हटलंही.

परत आले तेव्हा आबा दारातच उभे होते. मला चहा प्यायलाही वेळ न देता म्हणाले, "चाल वरती."

गच्चीवर टाकीपासून एक काळी नळी निघाली होती. तिला जागोजागी फाटे फोडून बारीक नळ्या काढल्या होत्या, प्रत्येक नळी एकेका कुंडीत गेली होती आणि प्रत्येकीच्या टोकाला ड्रिपर बसवला होता. नळ्या कुठे लोंबत नव्हत्या, सगळ्या तारेने भिंतीला नीट बांधलेल्या. टाकीपाशी कॉक. आबांनी तो फिरवला आणि सगळ्या गच्चीवर एकदम थेंब पडायला लागले. मोगरा तरारला होता. कढीपत्ता कमरेएवढा झाला होता. जास्वंदीला डिसेंबरात कळ्या होत्या. केळीच्या बागेत पन्नास-पंचावन्न वर्षं घालवलेल्या माणसाने बारा कुंड्यांची बाग केली होती.

अडेनियमच्या कुंडीत दोन ड्रिपर होते.

"ते लय वायलेलं होतं," आबा म्हणाले. "म्हनून त्याले दोन. सकाय-संध्याकाय सोडतो. हात नाही लावला बरं, तुह्या कागदावर हाये तसं."

सूचनांचं पालन शंभर टक्के झालं होतं. मी खाली बसले आणि कंदावर अंगठा दाबला. नऊ वर्षं तो कंद दगडासारखा लागायचा. आता अंगठा आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला कुजक्या बटाट्याचा वास होता.

माझा स्वभाव चांगला नाही. हे मला कुणी सांगायची गरज नाही. मी उठले आणि म्हणाले, "आबा, तुम्हाला इथे कुणी काही करायला सांगितलं होतं का? हे तुमचं शेत नाही."

त्यांनी कॉक बंद केला आणि जिन्याने खाली गेले. उतरताना कठड्याला धरून उतरले, एरवी धरत नसत. मला तेव्हाच कळलं की माझं वाक्य त्यांना कसं ऐकू आलं असणार. शेत तर त्यांचं राहिलंच नव्हतं, आणि मी घरही नाही म्हणून सांगितलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण रागही तितकाच होता, आणि एकाच वेळी दोन्ही असलं की माणूस काहीच करत नाही. मी हात धुतले आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आबांनी जेवताना जाहीर केलं, "मी गावाले जातो. सोमवारी पुतन्या गाडी घेऊन येनार हाये."

नवरा म्हणाला, बघू. आबा म्हणाले, बघायचं काही नाही, फोन झालेला आहे. मग त्यांनी ट्रंक काढली. गच्चीवरच्या नळ्या मात्र काढल्या नाहीत, तिकडे ते फिरकलेच नाहीत. मोगरा दोन दिवसांत मलूल झाला. मी पाणी घातलं, पण मला मेलीला आबांसारखं घालता येईना.

नवरा रात्रीच्या जेवणानंतर माझ्याशी बोलेना. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आबा गावी एकटे राहिले आणि पुन्हा पडले तर दुपारीसुद्धा कुणाला दिसतील याची खात्री नव्हती. पुतण्या आता बाग बघणार होता, म्हाताऱ्याला नाही. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. माफी मागितली की विषय मिटला असता. कार्यालयात मी आठवड्याला दहा पत्रांवर "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं लिहून धाडते. घरात ते वाक्य तोंडातून निघेना. शुक्रवारी मी दोनदा ओसरीपर्यंत गेले आणि दोनदा चहा पाहिजे का विचारून परत आले. आबांनी दोन्ही वेळा नको म्हटलं.

शनिवारी सुट्टी होती. मी झाड कुंडीतून उपसलं, परातीत ठेवलं आणि ओसरीत आबांसमोर नेऊन ठेवलं.

"यात काही राहिलंय का बघता?" मी म्हटलं.

त्यांनी आधी पेपर घडी घालून ठेवला. मग परातीकडे पाहिलं. उपसलेलं झाड त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं, कारण आजवर त्यांना ते फक्त मातीच्या वर दिसलं होतं.

"कंद हाये हा," ते म्हणाले. आवाजात जरा जीव आला होता. "आधी नाही सांगितलं."

केळी लावायच्या आधी तिचा कंद तासावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. जुनी मुळं काढायची, सडकं तेवढं कापून टाकायचं, औषधात बुडवायचं, सावलीत ठेवायचं. आबांनी आयुष्यात असे किती हजार कंद तासले असतील ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. ट्रंकेतून त्यांनी आपला चाकू काढला आणि बसले तसेच कापायला निघाले. मी हातमोजे पुढे केले.

"कायले? चीकच तं हाये."

त्यांचा सदरा त्यांनी मला दाखवला. केळीचा चीक कपड्याला लागला की तो काळपट डाग कपडा फाटेपर्यंत राहतो, आणि आबांच्या एकूणएक सदऱ्यांवर ते डाग होते. चिकाने माणसाचे कपडे जातात, माणूस जात नाही, असा त्यांचा अनुभव. मी म्हटलं, हा चीक वेगळा आहे, हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने त्याच्याशी खेळायचं नाही, हातमोजे घालणार नसाल तर परात उचलते. शेवटी पिवळे हातमोजे आणि माझा वाचायचा चष्मा अशा थाटात आबा कामाला लागले. समोरून जाणारे शेजारी थांबून बघत होते. मी त्यांच्याकडे बघितल्यावर ते पुढे गेले.

आबांचा हात फार सुंदर चालत होता. खालची सडकी मुळं गेली, मग भाकरीच्या पदराइतक्या पातळ चकत्या. तपकिरी लगदा संपला आणि कडेने पांढरा गर दिसू लागला. मी वरून वाकून विचारलं, "वाचेल?"

आबा कापलेल्या भागाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं.

"हळद आन," ते म्हणाले.

हळद चोपडून झाल्यावर त्यांनी सांगितलं की आता हे पाच-सहा हप्ते सावलीत टांगून ठेवायचं, वारा लागला पाहिजे आणि पाण्याचा थेंब नको. मी म्हटलं, "पण सोमवारी तर तुम्ही जाताय. मला हे जमायचं नाही."

हे खोटं होतं. झाड टांगून ठेवण्यात न जमण्यासारखं काही नसतं, आणि मी ते नऊ वर्षं करत होते. आबांनी हातमोजे काढले, माझ्यासमोर दोनदा हात धुतले, आणि पुतण्याला फोन लावून सांगितलं की सोमवारी येऊ नको, इथे काम निघालंय.

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. माफी न मागता म्हातारा ठेवून घेतला होता. नवऱ्याने संध्याकाळी पहिल्यांदा आपणहून विचारलं, भाजी काय केलीस.

झाड जिन्यातल्या खिडकीला टांगलं. त्या दिवसापासून आबांचा दिनक्रम ठरला. सकाळी अंघोळ झाली की ते जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन बसायचे, झाडाकडे बघायचे आणि पाणी घालायचे नाहीत. हे काम त्यांना किती जड जात असेल ते केळीवाल्याच्या घरात नांदलेल्या बाईलाच कळेल. अर्धा तास पाणी न घालून झालं की ते वर जाऊन बाकीच्या कुंड्यांचा कॉक सोडायचे. मोगरा पुन्हा तरारला.

संध्याकाळी मी कार्यालयातून आले की पर्ससकट आधी जिन्यात जायची. आबा पायरीवर असायचेच.

"काय म्हणतंय?"

"वायू दे."

वाळू दे, एवढंच बोलणं. मग हळूहळू चहाचे कप जिन्यात यायला लागले. मी एक पायरी खाली बसायची. आबा केळीबद्दल सांगायचे. घड भरायच्या वेळी वारा सुटला की माणसं कशी बांधावर उभी राहून नुसती बघत असतात, ते सांगायचे. बागेत पडले होते त्या दिवसाबद्दलही एकदा सांगितलं. म्हणाले, खाली पडल्यावर पानांच्या मागची बाजू पहिल्यांदा इतकी नीट पाहिली. मी शेराबद्दल सांगितलं. त्याला कुणीच पाणी देत नाही हे ऐकून त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांनी दोनदा विचारलं, "कोनीच नाही?" लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि आम्ही आत्ता बोलत होतो. मला ते आवडायला लागलं होतं. चार वाजले की मी घड्याळाकडे बघायची.

महिन्याने, फेब्रुवारी लागता लागता, झाडाच्या शेंड्याला हिरवे ठिपके दिसले. चार दिवसांत त्यांची पानं झाली, चांगली तुकतुकीत. मी पायरीवरूनच ओरडले. मायला फोन केला, अमळनेरच्या बाईंना सांगितलं, नवऱ्याला फोटो पाठवला आणि त्याने त्यावर अंगठा पाठवला. आबांनी पानांकडे पाहिलं आणि "हं" म्हणाले. मी समजले की मोठ्या माणसांना आपलं कौतुक आपल्या तोंडाने करायचं नसतं.

पुढच्या रविवारी मी लावणीचा घाट घातला. नवी कुंडी आणली, वाळू चाळली, विटा फोडल्या. हातमोजे घातले, झाड सोडवून गच्चीवर नेलं आणि आबांना हाक मारली. लावताना पहिली मूठ त्यांनी टाकावी असं मी ठरवलं होतं. फुटलेल्या फांद्या नीट बसाव्यात म्हणून एक वेडंवाकडं टोक मी छाटलं, त्याचा चीक हातमोज्यांवर ओघळला. तेवढ्यात आबा आले.

"थांब," ते म्हणाले. "नको लावू."

"का? फुटलंय की."

त्यांनी माझ्या हातातली कात्री घेतली, फडक्यात धरून, आणि कंदाच्या मधोमध खुपसून फिरवली. कंद विटेसारखा कडक दिसत होता तो आतून उकलला. पांढरी होती ती नुसती कड. मध्ये बुडापासून फांद्यांपर्यंत सगळा तांबूस भुगा होता.

मी नवी कुंडी बाजूला सारली.

"केयीचं खोड कापून टाकलं ना," आबा म्हणाले, "तरी चार दिस त्याच्या मधातून पान निंघते. आतल्या पान्यावर. नव्या मानसाले वाटते, फुटलं. ते फुटनं नसते."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पह्यल्याच कापाले. मधात लाल रेघ होती, पार वरपर्यंत."

मी हिशेब केला. पहिला काप शनिवारी, ओसरीत. पुतण्या सोमवारी येणार होता. त्यानंतरचे सगळे दिवस हा माणूस चौथ्या पायरीवर बसून एका मेलेल्या झाडाला पाणी घालत नव्हता. मी त्यांना गुंतवून ठेवलं म्हणून स्वतःची पाठ थोपटत होते, आणि ते मला रोज सांगत होते, वायू दे.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं? आणि गेला का नाहीत?"

आबांनी कात्री खाली ठेवली.

"सांगनार होतो. पन तू म्हने, मले जमायचं नाही. मेल्या झाडापाशी तुले एकटीले टाकून कसा जाऊ?"

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं, नऊ वर्षांच्या झाडासाठी नव्हे. डोळे पुसता येईनात, कारण दोन्ही हातमोजे चिकाने भरले होते. मी हात पुढे धरून तशीच उभी होते आणि नाक गळत होतं.

"झाड नसलं तरी राहा, आबा," मी म्हणाले. "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं."

"हो," आबा म्हणाले. "चुकलंच."

मग त्यांनी टाकीचा नळ सोडला आणि म्हणाले, "हात धू आधी."